कलप सोडला, आणि आई रुसली

सोनटक्का | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

माझं वय ५३. ठाण्यात राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. केसांना कलप लावायला सुरुवात केली ३४व्या वर्षी. आधी लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी, मग पुडीतली काळी पावडर, मग पार्लर. १९ वर्षांत दर महिन्याचा दुसरा शनिवार कलपाचा, हे घरात इतकं पक्कं होतं की नवरा त्या दिवशी न्हाणीघराकडे फिरकायचा नाही.

गेल्या गौरीच्या आदल्या दिवशी घाईघाईत कलप लावला. रात्री कानामागे आणि मानेवर खाज सुटली. सकाळी उठले तेव्हा कपाळ सुजलेलं, डोळे जवळजवळ मिटलेले. घरात गौरी आलेल्या, सोळा भाज्या चिरायच्या, आणि मी बर्फाची पिशवी डोळ्यांवर धरून पडलेली. डॉक्टर म्हणाले, ही कलपातल्या रसायनाची ॲलर्जी आहे, इतकी वर्षं सोसलं म्हणून पुढेही सोसेल असं नसतं, आता हे कायमचं बंद.

बंद केलं. खांद्याखालचे केस कापून टाकले आणि मुळापासून पांढरे वाढू दिले.

ऑफिसातल्या बोलण्याची मनाची तयारी केली होती, आणि तिथे फारसं काही झालंच नाही. दोघीचौघींनी 'बरं आहे ना सगळं?' विचारलं, तेवढंच. तयारी नव्हती ती आईची. आई ऐंशीची, डोंबिवलीला भावाकडे असते, अजून कलप लावते. दिवाळीला गेले तर दारातच थबकली. म्हणाली, 'हे काय करून घेतलंस?' मी ॲलर्जीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण जेवताना पुन्हा तेच. शेवटी म्हणाली, 'तुझे केस पांढरे झाले म्हणजे माझं काय राहिलं? लेकच म्हातारी दिसायला लागली तर मला कोण विचारणार?'

त्यानंतर फोनवर त्रोटक बोलते. दर एकादशीला मला तिच्या भजनी मंडळात घेऊन जायची, दोनदा टाळलं. मी गेले तर तिच्या मैत्रिणी मला बघतील म्हणून.

मला राग आला होता, आता फक्त वाईट वाटतं. आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपण दिसण्यात नेमकं काय शोधत असतो? मला तरुण दिसायचं होतं असं मला कधीच वाटलं नाही. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कलप लावला तेव्हा एवढंच मनात होतं की मला अजून हिशेबात धरावं. बदलीच्या यादीत, बढतीच्या गप्पांत, सहलीच्या बेतात. आईचंही तेच असेल का? तुम्ही काय करता, आणि का करता, ते लिहा. मनापासून वाचणार आहे.

निशिगंध | १२ जानेवारी

ताई, आईंचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला आणि जरा वेळ खिडकीत जाऊन उभी राहिले. माझं सविस्तर रात्री लिहिते.

कृष्णाकाठ | १२ जानेवारी

माझं सांगलीत २२ वर्षं पार्लर आहे, म्हणून या प्रश्नावर थोडं बोलते.

'मला तरुण करा' असं म्हणणारी बाई मला आजवर भेटली नाही. बायका म्हणतात, 'दमल्यासारखी दिसते हो मी.' 'लग्नात सगळे येणार आहेत.' 'लेकीनं फोटो काढला, मला माझीच ओळख पटेना.' हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकते. आरशातली बाई आणि मनातली बाई यांत अंतर पडलेलं असतं, आणि ते कमी करून द्या अशी मागणी असते. एकदा साठीच्या एक बाई आल्या, नवऱ्याच्या आजारपणात दोन वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना ना फेशियल करायचं होतं, ना रंग. म्हणाल्या, फक्त केस धुऊन द्या, कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवून फार दिवस झाले. त्या दिवशी मी त्यांचं डोकं अर्धा तास धुतलं.

सोनटक्काताई, कलप सोडताना पहिले सहा महिने जड जातात. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. अर्धे पांढरे, अर्धे काळपट-तांबूस अशी रेष दिसत राहते आणि तिथेच बहुतेकजणी माघार घेतात. तुम्ही केस कापलेत ते उत्तम केलंत. मधून भांग बदला, सरळ भांगात रेष जास्त उठून दिसते. पांढरा केस कोरडा आणि राठ असतो, त्याला धुण्याआधी तेल हवंच.

आणि एक कळकळीनं सांगते. केसांपेक्षा मला चेहऱ्याच्या ट्यूबांची जास्त भीती वाटते. मेडिकलवाला सांगतो म्हणून बायका वांगावर कुठलंतरी मिश्रणाचं क्रीम वर्षानुवर्षं लावतात. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मग सोडलं की आग होते, म्हणून परत लावतात. माझ्याकडे येतात तेव्हा कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, गालावर लाल शिरा दिसतात, हनुवटीवर लव आलेली असते. अशा चेहऱ्याला मी हात लावत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवते. काही जणी रागावून दुसऱ्या पार्लरला जातात. जाऊ देत.

माझ्या स्वतःच्या बोटांना रंगानं भेगा पडल्यात. रबरी हातमोजे घालते तरीही. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

पारिजात | १३ जानेवारी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. तपासल्याशिवाय औषध सुचवत नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना माहीत असायला हव्यात.

ज्या रसायनानं सोनटक्का यांना त्रास झाला असावा त्याचं नाव पॅराफिनिलिनडायमिन, थोडक्यात पीपीडी. बहुतेक काळ्या आणि गडद तपकिरी पक्क्या रंगांत ते किंवा त्याचं भावंड असतं. शरीराची त्याच्याशी ओळख होत जाते आणि कधीतरी, दहाव्या किंवा शंभराव्या वेळी, ते त्याला शत्रू ठरवतं. एकदा ठरवलं की सहसा बदलत नाही. म्हणून पाकिटावर लिहिलेली चाचणी दर वेळी करायची असते. थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबायचं. हे कुणी करत नाही, कारण लग्न उद्या असतं.

'अमोनिया नाही' म्हणजे 'पीपीडी नाही' असं मुळीच नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मेंदी कधीच काळी नसते. तिच्यातलं रंगद्रव्य केशरी-तांबडंच रंगवतं. नीळ घालून काळसर करता येतं, पण झटकन गडद काळी चढणारी 'काळी मेंदी' असेल तर तिच्यात पीपीडी मिसळलेलं असण्याची दाट शक्यता.

कृष्णाकाठ, नेहमीच्या पातळ रबरी हातमोज्यांतून पीपीडी आत झिरपतं. नायट्राइलचे हातमोजे वापरा, आणि एकदा वापरलेले आतली बाजू बाहेर करून पुन्हा घालू नका. हाताची तपासणी मात्र करून घ्या.

तुम्ही ट्यूबांबद्दल लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. त्या मिश्रणात बहुधा तीन औषधं असतात: एक स्टेरॉइड, एक हायड्रोक्विनोन, एक ट्रेटिनॉइन. योग्य मुदतीत, देखरेखीखाली ती औषधंच आहेत. पावडरीसारखी रोज फासली की घात होतो. त्याहून वाईट म्हणजे नाव-गाव नसलेली गोरेपणाची क्रीमं. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडाच्या आजाराची बातमी सगळीकडे आली होती. स्थानिक पार्लरमधून घेतलेलं क्रीम मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर त्यात पारा सापडला. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत बसतो. लघवीला फेस येणं, चेहरा-पाय सुजणं ही त्याची लक्षणं. गोरं व्हायला गेलेली मुलगी डायलिसिसच्या दारात उभी राहते, हे मला माझ्या पेशातलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं.

आता वयाबद्दल. सुरकुत्या नि डाग यांतला मोठा वाटा वर्षांचा नसतो, उन्हाचा असतो. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकीचं ऊन चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर. उजवा गाल साठीचा आणि डावा ऐंशीचा वाटावा असा तो फोटो आहे. खिडकीची काच एक प्रकारचे किरण अडवते, पण त्वचा आतून सैल करणारे बरेचसे जाऊ देते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्यांचा उजवा हात मी नेहमी आधी बघते.

बायकांत पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांनी घटतं. म्हणून 'अचानक म्हातारी झाले' ही तक्रार कल्पनेतली नाही. डोक्यावर छत्री, अंगभर सुती कपडे, सनस्क्रीन, तंबाखू-मिश्री बंद, पोटभर प्रथिनं. मी पहिल्या भेटीत एवढंच सांगते आणि पेशंट नाराज होऊन जातात, कारण त्यांना काहीतरी महागाचं लिहून हवं असतं.

कोरा_कागद | १३ जानेवारी

मी दुसरी बाजू मांडते. वय ४७, पुण्यात आयटीत. मागच्या वर्षी आमची अख्खी टीम कमी केली. पाच महिने घरी होते. तेव्हा मुलाखतींना जाताना केस रंगवले, भुवया नीट करून घेतल्या, मुलीचा कुर्ता घातला. पॅनेलवर तिशीतली मुलं होती. पांढऱ्या केसांनिशी गेले असते तर नोकरी मिळाली नसती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण गृहकर्जाचा हप्ता चालू असताना पारखून बघायची ती वेळ नव्हती.

'नैसर्गिक दिसा, स्वतःला स्वीकारा' हे ऐकलं की मला दर वेळी वाटतं, ज्यांना पगार चालू आहे त्यांना हे सोपं आहे. सोनटक्का, तुमच्यावर नाही बोलत. तुम्ही 'हिशेबात धरावं' लिहिलंत ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं आहे म्हणून हे लिहिलं.

घाटवाट | १३ जानेवारी

मी पुरुष आहे, साताऱ्याचा, वय ५८. पांढरे केस, पांढरी दाढी. लोक म्हणतात 'भारदस्त दिसता'. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं आधी ऐकतात. माझी पत्नी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिनं लॉकडाऊनमध्ये केस रंगवणं सोडलं. त्यानंतर एका लग्नात एका गृहस्थांनी तिला वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, 'या तुमच्या थोरल्या बहीण का?' तिनं हसून वेळ मारून नेली. परतताना गाडीत एक शब्द बोलली नाही. पसरणीचा घाट उतरेपर्यंत मी काय बोलावं ते सुचलं नाही, आणि आजवर त्यावर आम्ही बोललेलो नाही.

'माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत' असं मी ऐटीत म्हणतो. बाईच्या तोंडी हे वाक्य मी क्वचितच ऐकलंय. तिचेही केस उन्हात पांढरे झालेले नसतात.

मिलिंद सोमणच्या पांढऱ्या दाढीचं कौतुक सगळे करतात. मला त्याच्यापेक्षा त्याची आई जास्त लक्षात राहिली आहे. २०१६ साली तो अहमदाबादहून मुंबईला धावत निघाला होता, तेव्हा महाराष्ट्रातल्या टप्प्यात उषाताई नऊवारी-पाचवारीचा विचार न करता साडीत, अनवाणी त्याच्या बरोबरीनं धावल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. त्या चित्रात त्यांच्या केसांचा रंग कोणता होता हे मला आठवत नाही, पाय आठवतात.

रानजाई | १४ जानेवारी

माझी गोष्ट उलटी आहे. चालेल ना?

मी इचलकरंजीची. २०१९ला हे गेले, मी तेव्हा ४६ची. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि नणंदेनं कपाट आवरताना माझ्या कलपाच्या पुड्या काढून शेजारच्या बाईला देऊन टाकल्या. वाईट हेतूनं नाही. म्हणाली, 'आता कुणासाठी लावायचंय?' मी काही बोलले नाही. केस पांढरे होत गेले, आणि गल्लीत माझं कौतुक सुरू झालं. 'किती साधी राहते.' 'नटणं नाही, मुरडणं नाही.' तीन वर्षं मी त्या कौतुकाखाली दबून राहिले. तुम्ही सगळ्या ज्याला वय स्वीकारणं म्हणताय, ते माझ्यावर लादलं गेलं होतं.

मग २०२२च्या मे महिन्यात आमच्यापासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. पुढं सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला परिपत्रक काढलं. पेपरात वाचलं त्या संध्याकाळी मी दुकानात गेले आणि कलपाची पुडी मागितली. दुकानदार ओळखीचा. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी परत मोठ्यानं मागितली.

लावून झाल्यावर आरशात बघितलं आणि खूप रडले. मी तरुण दिसत नव्हते. मी दिसत होते, बास.

म्हणून सोनटक्काताई, आईवर रागावू नका. त्यांच्या काळ्या केसांत काय आहे ते त्यांनाच माहीत.

सोनटक्का | १४ जानेवारी

रानजाई, मी ऑफिसच्या डब्याच्या वेळेत हे वाचलं आणि डबा तसाच घरी आणला.

माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. आईनं एकदाही कलप चुकवला नाही. त्या वेळी कुणी काही बोललं असेल का, तिनं कुणाला काही उत्तर दिलं असेल का, मी कधी विचारलंच नाही. मी तिच्या कलपाकडे नुसती हौस म्हणून बघत आले.

ओसरी | १४ जानेवारी

रानजाईंच्या मागोमाग लिहिते. माझी पणजी दहाव्या वर्षी लग्न होऊन चौदाव्या वर्षी विधवा झाली. तिचं केशवपन झालं. लाल आलवण, डोक्यावरून पदर, दर महिन्याला न्हावी घरी येणार. ऐंशी वर्षांचं आयुष्य तिनं असं काढलं. माझी आजी सांगायची की शेवटच्या आजारात दोन-तीन महिने न्हावी आला नाही, तर पणजीच्या डोक्यावर मऊ पांढरे केस आले. ती सारखी त्यावरून हात फिरवायची.

या प्रथेविरुद्ध १८९० साली मुंबईत नाभिक समाजानं सभा घेऊन विधवांचे केस कापणार नाही असा निर्धार केला. त्यामागे महात्मा फुल्यांचे सहकारी, कामगार चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा हातात असणाऱ्यांनीच तो खाली ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

आपण केसांच्या रंगावर बोलतोय, पण बाईचे केस तिचे स्वतःचे आहेत हेच ठरायला इतकी वर्षं लागली. म्हणून काळे की पांढरे यापेक्षा ते कोणी ठरवलं, एवढंच मी बघते.

वळचण | १५ जानेवारी

सगळं वाचलं. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

'नैसर्गिक' या शब्दाला आपण फार मान देतोय असं वाटतं. मला चाळिशीत चष्मा लागला, साठीत मोतीबिंदूची भिंग बसवली, आता खालचे चार दात रोपण केलेत. कुणी मला 'वय नैसर्गिकपणे स्वीकारा' म्हणत नाही. मग केस रंगवले तर तो नाकबूल करण्याचा प्रकार कसा? गुडघा बदलला तर उपचार आणि सुरकुत्यांना बोटॉक्स घेतलं तर पोकळ हौस, ही रेघ कुठे नि कोणी ओढली? माणूस स्वतःला सावरतो. त्यात कमी-जास्त सात्त्विक काही नसतं.

पारिजात | १५ जानेवारी

@वळचण, मुद्दा पटतो. मी स्वतः ती रेघ नैतिकतेवर ओढत नाही, शरीराला काय द्यावं लागतं त्यावर ओढते. बोटॉक्सनं स्नायू तीन-चार महिने सैल पडतो, मग परत पूर्ववत. हातात कौशल्य असलेल्या डॉक्टरनं केलं तर सुरक्षित आहे. प्रश्न येतो तो 'उजळ व्हायचंय' म्हणून शिरेतून ग्लुटाथायोन घेणाऱ्यांचा, किंवा पस्तिशीत कुणाच्या टोमण्यावरून सुई टोचून घ्यायला आलेल्या मुलीचा. अशा वेळी मी विचारते, 'तुला हे कधीपासून खटकतंय?' बऱ्याचदा उत्तर एखाद्या तारखेचं असतं. अमक्याच्या साखरपुड्यापासून, तमक्याच्या फोटोपासून. म्हणजे खटकणं तिचं नसतं, ते कुणीतरी आणून दिलेलं असतं.

मेपलची_पानं | १५ जानेवारी

टोरोंटोहून. इकडे परदेशात सगळं मोकळं असतं असा समज असेल तर सांगते. सीटीव्ही या मोठ्या वाहिनीवर लिसा लाफ्लाम नावाची बातमीदार रात्रीचं मुख्य बातमीपत्र वर्षानुवर्षं द्यायची. २०२०च्या टाळेबंदीत सलून बंद होती तेव्हा तिनं केस रंगवणं सोडलं आणि रुपेरी केसांनी पडद्यावर येऊ लागली. ऑगस्ट २०२२मध्ये वाहिनीनं तिचा करार संपवला. तिला केस पांढरे ठेवायला परवानगी कोणी दिली असं एका वरिष्ठानं विचारल्याचं वृत्तपत्रात आलं. वाहिनीच्या कंपनीनं वयाचा किंवा केसांचा काही संबंध नसल्याचं सांगितलं. पण इथल्या बायकांना जे समजायचं ते समजलं. काही कंपन्यांनी तिच्या पाठिंब्यासाठी आपली बोधचिन्हं करडी केली होती.

त्या आठवड्यात माझ्या ऑफिसात आम्ही चौघी, एक गुजराती, एक इराणी, एक इथलीच आणि मी, जेवणाच्या टेबलावर बसून फक्त केसांवर बोललो. इराणी मैत्रीण म्हणाली, 'माझी आई मरेपर्यंत मेंदी लावायची.' तिची मेंदी आणि माझ्या आजीची मेंदी एकच.

निशिगंध | १५ जानेवारी

उशीर झाला, माफ करा.

मी २९ वर्षांची. पहिला पांढरा केस १९व्या वर्षी. आमच्याकडे २५च्या आधी पिकले तर अकाली म्हणतात, तसं डॉक्टरांनी सांगितलं आणि रक्त तपासलं. माझं बी-१२ फार कमी निघालं, आम्ही शुद्ध शाकाहारी. इंजेक्शनं घेतली, थकवा गेला, मुंग्या गेल्या, केस मात्र पांढरे झालेत ते पांढरेच आहेत. कुणीतरी सांगितलं एक उपटला की चार येतात. असं होत नाही, पण उपटून उपटून त्या जागचे केस विरळ होतात, तसे माझे झालेत.

आता लग्नासाठी बघणं चालू आहे. आई म्हणते फोटोत रंगवलेले चालतील, नंतर सांगू. मला 'नंतर सांगू' नको आहे. म्हणजे मी एखादा रोग लपवून चालले आहे असं वाटतं. मागच्या महिन्यात एका मुलाला भेटले तेव्हा तीन आठवड्यांची मुळं तशीच ठेवून गेले. त्यानं पाहिलं हे मला दिसलं. तो काही बोलला नाही, आणि त्यांचा निरोपही आला नाही. केसांमुळेच असं नाही, पण मन तिथेच जातं.

कुणाच्या कौतुकाची अपेक्षा नाही माझी. समोरच्यानं बघावं आणि पुढचं काहीतरी बोलावं, इतकंच.

रानजाई | १५ जानेवारी

निशिगंध, बाळा, मुळं तशीच ठेवून गेलीस त्याला धाडस लागतं. बी-१२ची तपासणी मात्र ठरावीक काळानं करत राहा.

मांडवीकाठ | १७ जानेवारी

आमच्या फोंड्याच्या घरी माझी आजी ९१ वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी चारला तोंड धुवायची, पातळ बदलायची, पांढऱ्याशुभ्र केसांचा छोटासा अंबाडा घालायची आणि त्यात अबोलीचा वळेसर माळायची. मग दारातल्या सोप्यावर येऊन बसायची. कुणी येवो न येवो. डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा फुलं बोटांनी चाचपून ताजी आहेत का बघायची. केस काळे असते तर त्यांत अबोली इतकी खुलली नसती, हे मी आज म्हणते. तेव्हा ती मला फक्त आजी वाटायची. तिला सुंदर म्हणावं असं माझ्या मनातही आलं नाही, आणि आता ते सांगायला ती नाही.

घाटवाट | २० जानेवारी

थोडं वैयक्तिक. हा धागा काल पत्नीला वाचून दाखवला. माझा प्रतिसादही. 'थोरली बहीण'पाशी आलो तेव्हा ती म्हणाली, 'मला त्या माणसाचं काही वाटलं नव्हतं. तुम्ही त्याला दुरुस्त करायला दोन क्षण थांबलात, ते लागलं.'

थांबलो होतो. खरं आहे. तिला तसं सांगितलं.

सोनटक्का | ९ जून

मंडळी, धागा वर काढतेय. सांगायचं राहिलं होतं.

माझे केस आता चांगले बोटभर वाढलेत, सगळे पांढरे, कानांजवळ थोडे करडे. बँकेत पेन्शनवाले आजी-आजोबा माझ्या खिडकीशी जास्त येतात. हयातीच्या दाखल्याचं पुन्हा पुन्हा विचारायला त्यांना माझ्यापाशी संकोच वाटत नाही. मागच्या आठवड्यात शाखेतल्या प्रशिक्षणाची यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. मी साहेबांना जाऊन विचारलं. 'तुम्हाला आता कशाला दगदग' म्हणाले. मी म्हटलं मला जायचंय. नाव घातलं. आधी मी विचारलं नसतं.

आईचं सहस्रचंद्रदर्शन गेल्या रविवारी झालं. हजार पौर्णिमा, म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी मी डोंबिवलीला गेले. तिला विचारलं, 'बाबा गेले तेव्हा तुला कलपावरून कुणी काही बोललं होतं का?' ती बराच वेळ वाटाणे सोलत राहिली. मग म्हणाली, 'तुझ्या मोठ्या काकूनं. तेराव्यालाच. मी म्हटलं, ते मला रंगवून द्यायचे, मी कशी सोडू?'

मला हे माहीत नव्हतं. बाबा रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत तिला कलप लावायचे. आम्ही दोघं भावंडं तेव्हा शाळेच्या खेळाला गेलेली असायचो.

मग मी पारिजात यांनी लिहिलं होतं तसं केलं. आईच्या कोपराच्या आत थोडा रंग लावला आणि दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. शनिवारी वहिनीनं वाटीत कालवून दिला, कारण मला त्याच्या जवळ जायची मनाई. मी केमिस्टकडून आणलेले नायट्राइलचे हातमोजे घातले, एकावर एक दोन, तोंडाला मास्क, आणि गॅलरीत आईच्या मागे स्टुलावर बसले. जुन्या दातघासणीनं भांगापासून सुरुवात केली. तिचे केस फार विरळ झालेत, टाळू दिसते. मानेपाशी आले तेव्हा ती म्हणाली, 'बाबा कानाला लागू नये म्हणून आधी खोबरेल लावायचे.' मी उठून खोबरेल आणलं.

रविवारी ८१ दिव्यांनी ओवाळलं. तिच्या भजनी मंडळातल्या बायका आल्या होत्या. तिनं मला हाताला धरून एकेकीकडे नेलं.

'ही माझी लेक,' म्हणाली. 'हिला कलप सोसत नाही.'